कानाने पास केलेला खटका

माझे थोरले दीर शस्त्रांच्या कारखान्यात तपासनीस होते. अठ्ठावीस वर्षं एकच बाक, एकच दिवा. कारखान्यात त्यांना सगळे कानसेन म्हणत.

तिथे सहा वर्षं खपून एक ग्रेनेड लाँचर तयार झाला होता. हातबॉम्ब फेकून जाणार तीस-चाळीस पावलं, उखळी तोफेचा गोळा पडणार फार लांब. मधल्या पट्ट्यात शत्रू दबा धरून बसला की सैनिकांचे हात बांधलेले. त्यासाठी ही आखूड, जाड नळीची बंदूक. एका वेळी एकच बार: नळी बिजागरीवर दुमडून खाली करायची, ग्रेनेड सरकवायचा, नळी बंद करायची. बंद नळीला धरून ठेवतो अंगठ्याएवढा खटका. तो अर्धवट बसला, तर बार उडवणाऱ्याच्याच तोंडावर.

नियमाप्रमाणे प्रत्येक खटका गेज म्हणजे मापाची पट्टी लावून मोजायचा. भाऊजी मात्र नळी बंद करत, मान तिरकी करत आणि नुसत्या आवाजावरून सांगत, बसला की नाही. सुरुवातीला पडताळून पाहिलं तेव्हा एकदाही चुकले नाहीत. मग गेज कपाटात गेलं, कागदावर त्यांची सही तेवढी राहिली. वीस लाँचर सीमेवरच्या चौकीत पोचले. पुढच्या बारा लाँचरची चाचणी सैन्यासमोर व्हायची होती.

त्या सकाळी ते दाढी करत असताना जाऊबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"अहो, चौथी हाक आहे ही. भिंतीशी संसार केला असता तर निदान खिळा तरी ठोकता आला असता."

एरवी ते हसले असते. आज त्यांनी दाढीच्या सामानाची पेटी उचलून जाऊबाईंच्या हातात दिली, पाठ फिरवली आणि तिची कडी कधी पूर्ण, कधी अर्धी लावायला सांगितलं. पाच वेळा भाऊजींनी आवाजावरून ओळखायचा प्रयत्न केला. तीनदा चुकले. अर्धा गाल साबणातच ठेवून ते निघाले.

मैदानावर पहिला सैनिक लाँचर खांद्याला लावून उभा होता. भाऊजी थेट त्याच्यासमोर जाऊन थांबले. मॅनेजरसाहेब दात आवळून म्हणाले, पाहुण्यांसमोर तमाशा नको, बाराही कागदांवर सही तुमचीच आहे. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, हेही त्यांनी हळूच सुचवलं.

"सही माझीच आहे, साहेब. पण मला ऐकू येत नाही. कधीपासून, तेही मला माहीत नाही."

कपाटातून गेज आणवलं. त्या सैनिकाचा लाँचर ठीक निघाला. पुढचे पाचही ठीक. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. सातव्यात गेज अडलं; खटका अर्धवट बसलेला. दहाव्यातही.

"चौकीवरचे वीस," भाऊजी म्हणाले.

चौकीला फोन लागला. पलीकडचं त्यांना काही कळेना, तेव्हा त्याच सैनिकाने रिसीव्हर घेतला आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने सांगितलं, "सोळा तिथेच आहेत. चार घेऊन पहाटेच चौघांची गस्त गेलीय. माघारी बोलवायची का, विचारतायत."

"बोलवा. आणि वाटेत एकही बार काढू नका म्हणावं."

मग ते फोनजवळच्या खुर्चीवर बसून राहिले. गालावरचा साबण वाळून पांढरा झाला होता. फोन वाजला असता तरी त्यांना कळलं नसतं. ते सैनिकाच्या चेहऱ्याकडे बघत होते. दोन तासांनी त्याने रिसीव्हर उचलला, ऐकलं, आणि त्यांच्यासमोर चार बोटं धरली. चौघंही परतले होते.