बंदूकवाल्या आप्पांचा झेंडू

आप्पा माणसाशी बोलतानासुद्धा डावा डोळा मिटून घेत. प्रसादाचा पेढा असो की गावचा पाटील, आधी नेम, मग नमस्कार! शिराळ्यात नवखा मास्तर म्हणून मी त्यांच्या शेजारी राहायला गेलो, तेव्हा पहिले आठ दिवस छातीवर पुस्तक धरूनच बोललो.

दुसरं महायुद्ध संपलं त्या साली बंदुकीचा परवाना आप्पांच्या हातात आला. तयार बंदूक परवडेना, म्हणून आप्पांनी सांगलीहून ठासणीच्या बंदुकीचे सुटे भाग स्वस्तात आणले: नळी, घोडा, चाप आणि शिसवीचा ओबडधोबड ठोकळा. नळीचं भोक हरभऱ्याएवढं. दुपारभर ते ठोकळा तासत, दस्त्याला जवसाचं तेल चोळत आणि मधेच नळी डोळ्याला लावून हरवून जात.

"मास्तर, बगा की. आभाळ हरभऱ्यायेवढं झालंया."

मी बघायचो. खरंच, निळा हरभरा!

तिकडे ज्वारीवर राघूंचे थवे उतरत होते. वर्षभर तासकाम बघून आप्पांच्या पत्नी, काकू, कावल्या. "आवं, खंडेनवमीला बार निघाला न्हाई तर ह्या नळीची फुंकणी करीन. चुलीला तरी कामाला येईल!"

आप्पांचा उजवा डोळाही मिटला.

नवमीला सकाळीच त्यांनी बंदूक जोडली, नळीत दारू ओतली, काथ्या ठासला आणि ती पूजेला ठेवली. काकूंनी रीतीप्रमाणे हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा देठ नळीच्या तोंडात खोवला. आप्पा घाईत ती तशीच उचलून रानात पळाले. मागे काकू, त्यांच्या मागे मी. बांधावर उभं राहून त्यांनी घोड्याखाली ठिणगीची टोपी बसवली, नेम धरला.

फाट्!

ज्वारीवर पिवळ्या पाकळ्या भुरभुरल्या. सगळं शिवार हिरवं होऊन आकाशात उडालं. छर्रे आप्पांच्या खिशातच होते! काकू बांधावर बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या.

"बगितलंस?" आप्पा काकूंना म्हणाले. "एकबी मेलं न्हाई, समदी उठली. ह्येला म्हंत्यात बंदूक!"

फुंकणीचं नाव पुन्हा निघालं नाही. छर्रे मात्र त्यांनी कधीच भरले नाहीत.

तिसऱ्या वर्षी आप्पा गेले. बंदूक ठाण्यात जमा करायची होती. काकूंसोबत मी गेलो. हवालदाराने नळीतला ताजा झेंडू पाहिला. "आज्जी, फूल काढू का?"

काकूंनी डावा डोळा मिटला.

"ऱ्हाऊ दे, बाबा. त्याबिगर ती उडत न्हाई."