लिमिट दोनदा विचारल्यावरच सांगायची

एका ऑफिसात सात-आठ माणसं दिवसभर एकच खोटं बोलायला बसली, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. संध्याकाळी घरी येऊन पर्स झटकली तरी दोन-चार खाली पडतात! अमरावतीच्या एका ब्रॉडबँड कंपनीच्या ऑफिसात मी दीड वर्ष होते. आमचं खोटं एका शब्दाचं होतं: अनलिमिटेड. म्हणजे नेट कितीही वापरा, बंद होणार नाही. खरंच व्हायचं नाही. फक्त महिन्याची एक ठरलेली लिमिट संपली, की इतकं हळू चालायचं की त्यापेक्षा बंद पडलेलं परवडलं.

अकोल्याचे माझे मित्र हे किस्से ऐकून पोट धरून हसतात. हसा. पण यातलं एक गिऱ्हाईक मी स्वतः आणलं होतं. तिचं नेट ऐन वेळी अडलं, तर तिच्या भरवशावर बसलेल्या माणसांचा पीकविमा जाणार होता. तेवढं ध्यानात ठेवा.

*

पहिल्याच दिवशी मॅनेजर राऊत साहेबांनी मला नियम सांगितला.

"गिऱ्हाइकानं दोनदा विचारल्याशिवाय लिमिट सांगायची नाई."

"आणि एकदाच विचारलं तर?"

"तं म्हणायचं, अनलिमिटेड हाये. नेट बंद थोडीच होते?"

"आणि त्यांनी दुसऱ्यांदा विचारायला तोंड उघडलं तर?"

"चहा सांगायचा."

मला वाटलं, गंमत करतायत. महिनाभरात कळलं, किती कनेक्शनं विकली गेली ते आमच्याआधी समोरच्या टपरीवाल्याला ठाऊक असायचं!

*

रेहाना बाजी शेंदूरजनाघाटच्या. घराच्या पुढच्या खोलीत एक कॉम्प्युटर, एक स्कॅनर. पीकविम्याचा फॉर्म ऑनलाइन झाल्यापासून गावातल्या लोकांचा वरूडला जाऊन अख्खा दिवस मोडायचा. बाजींनी ठरवलं, इथंच भरून द्यायचे. त्या वर्षी विहिरी आटल्या होत्या, संत्र्याच्या बागा उभ्या वाळत होत्या. अशा वर्षी फॉर्म वेळेत जाणं म्हणजे काय, ते मी सांगायला नको.

मी त्यांच्याकडे कनेक्शन घेऊन गेले, ते समाजसेवा करायला निघाल्यासारखी. सही करताना त्यांनी विचारलं, "बेटा, लिमिट तं नाई ना याले?"

"अनलिमिटेड आहे, बाजी."

मी थांबले. मनात म्हणत होते, अजून एकदा विचारा. फक्त एकदा.

बाजी उठल्या आणि माझ्यासाठी चहा टाकायला आत गेल्या!

*

अमरावतीतले एक म्हातारे वकील फॉर्म आणि भिंग घेऊन ऑफिसात आले. फॉर्मच्या मागच्या बाजूला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, चौदावं कलम होतं. त्यांनी ते मोठ्यानं वाचलं: ग्राहकाने सेवेचा वाजवी वापर करावा.

"वाजवी म्हणजे किती?"

"वाजवी असते तेवढा," राऊत साहेब म्हणाले.

"ठरवणार कोण?"

"कंपनी."

"ग्राहकाला कळवणार केव्हा?"

"वापर वाजवीच्या वर गेला, की त्याले आपोआपच समजते ना!"

वकील साहेबांनी भिंग खिशात ठेवलं. मला वाटलं, आता नोटीस येणार. ते म्हणाले, "उभी हयात मसुदे लिहिण्यात गेली, पण असं कलम मला कधी साधलं नाही. हे लिहिणाऱ्याशी एकदा माझी भेट घालून द्या!"

*

आता ऑफिसचं ऐका. काटकसर म्हणून राऊत साहेबांनी ऑफिसातही आपलाच घरगुती प्लॅन लावला होता. वीस तारखेच्या आसपास आमचीच लिमिट संपायची. मग तक्रारी नोंदवायचं सॉफ्टवेअर उघडायचंच नाही. नेट हळू चालतंय म्हणून लोक फोनवर ओरडायचे, आणि नेट हळू चालतंय म्हणून त्यांची तक्रार आम्हाला लिहिता यायची नाही!

एकदा अकोल्याहून वरच्या साहेबांचा फोन आला. "राऊत, महिन्याच्या शेवटच्या दहा दिवसांत तुमच्याकडे एकही तक्रार नसते. करता तरी काय?"

राऊत साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. "टीमवर्क, सर."

*

शेवटी मला राहवलं नाही. लिमिट किती, ती संपल्यावर काय होतं, हे ठळक अक्षरात छापून चिठ्ठ्या केल्या आणि गुपचूप प्रत्येक कोऱ्या फॉर्मवर चिकटवल्या. मुद्दाम सहीच्या जागेवर, म्हणजे नजर चुकवता येऊ नये.

लोकांनी चिठ्ठीवरच सह्या केल्या! एकानंही वाचली नाही. सही नीट बसावी म्हणून एका काकांनी तर ती आधी अंगठ्यानं दाबून घेतली.

राऊत साहेबांच्या लक्षात आलं तेव्हा पंधरवडा उलटला होता. ते चिडलेसुद्धा नाहीत.

"ओ आदर्श मॅडम, धारणीले एक जागा खाली हाये. जंगलात. तिथं मनसोक्त खरं बोला, ऐकाले कोणीच नाई!"

*

पीकविम्याच्या फॉर्मची शेवटची तारीख नेमकी महिनाअखेरीस आली. दुपारी बाजींचा फोन. "बेटा, ओट्यावर माणसंच माणसं बसून हायेत. साइट खुलूनच नाई राह्यली. तू तं बोलली होती..."

मी तसाच फोन घेऊन राऊत साहेबांच्या केबिनमध्ये गेले. "एक दिवस यांची लिमिट काढा."

"घरगुती प्लॅनवर सेंटर चालवून राह्यली ते. नियमात बसत नाई."

"पण काढता येते ना?"

"येते. काढली, तं उद्या अजून धा जण येतीन."

फोन चालूच होता. पलीकडून बाजींचा आवाज आला, "साहेब, ओटा घराचाच हाये ना!"

साहेबांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि त्यांना रीतसर तक्रार करायला सांगितलं. ऑनलाइन.

संध्याकाळी मुदत संपली. अठरा माणसं आपापले सातबारे पिशवीत घालून ओट्यावरून उठून गेली.

*

पुढच्या महिन्यात अकोल्याच्या एका हॉटेलात कंपनीचा कार्यक्रम झाला. सगळ्यात कमी तक्रारींसाठी ढाल आमच्या ऑफिसला! वरूड तालुक्यातून तर एकही तक्रार नव्हती. वरून निरोप आला, स्टेजवर एक समाधानी ग्राहक हवा, शक्यतो खेड्यातली महिला. राऊत साहेबांनी बाजींचं नाव काढलं. मी सांगितलं, त्या येणार नाहीत.

त्या आल्या. परीटघडीचा दुपट्टा, हातात चौघडी केलेला कागद. मला म्हणाल्या, "कशी हायेस बेटा?" मला मान वर करता येईना.

राऊत साहेबांनी त्यांच्या हाती माइक दिला. "दोन शब्द बोला बाजी, आपल्या सेवेबद्दल."

बाजींनी कागद उलगडला. "गजानन."

आणि गप्प झाल्या. लोक एकमेकांकडे बघायला लागले. बाजी कागदाकडे बघत शांत उभ्या. मिनिटभरानं म्हणाल्या, "हारून चाचा."

पुन्हा गप्प. पुन्हा तेवढाच वेळ. पहिल्या रांगेतले मोठे साहेब घड्याळ बघायला लागले.

"सुलोचनाबाई."

एव्हाना मला कळलं होतं. त्या दिवशी ओट्यावरून उठून गेलेल्यांची नावं. अजून पंधरा बाकी होती.

राऊत साहेब घाईघाईनं जवळ सरकले. दबक्या आवाजात बोलले, पण माइकनं ते सगळ्या हॉलला ऐकवलं. "बाजी, जरा लवकर."

बाजींनी कागदावरची नजरसुद्धा काढली नाही.

"थांबा साहेब. येऊन राह्यलं."