बबनभाऊंनी विझवलेली आग

बातमी आली तेव्हा मी कंपनीच्या गेटवर पत्रकं वाटत होतो. पहिली शिफ्ट सुटत होती, दुसरी आत जात होती. मेंटेनन्समधला एक जण सायकलवरून उतरला आणि म्हणाला, "बबनभाऊ गेले. सकाळी, चाकणला, भावाच्या घरी. छातीत कळ आली म्हणे..." मी ते ऐकलं, तरी माझा हात पुढे होतच राहिला. शेवटी एक कामगार थांबून म्हणाला, "भावा, मला एकट्यालाच तीन दिलीस की." तेव्हा कुठे मी बाकीची पत्रकं खाली ठेवली.

याला आता पाच आठवडे झाले. त्यांच्यावर लिहायला मी अनेकदा बसलो आणि तसाच उठलो. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, वडिलांनी आणलेली युनियनची पत्रकं होती. वाचायला मी त्यांच्यावरच शिकलो. त्या भाषेत दोषी माणूस नेहमी समोरच्या बाजूला असतो. या लेखात तो तिथे नाही, म्हणून हात अडतो.

बबनभाऊ आमच्या कंपनीत इलेक्ट्रिशियन होते. चाकणजवळच्या खेड्यातले. पिंपरीत एकेक शेड उभी राहायला लागली तेव्हा वायरमन म्हणून आले आणि इथलेच झाले. आम्हा कामगारांची नाटकं मी लिहायचो, त्यांची प्रकाशयोजना तेच करायचे. त्यांचे स्पॉट म्हणजे तेलाचे रिकामे डबे, आतून घासून चकचकीत केलेले. डिमर म्हणजे चिनी मातीच्या बरण्या. बरणीत मिठाचं पाणी, पाण्यात पत्र्याचा तुकडा. पत्रा खाली सोडला की दिवा उजळायचा, वर ओढला की मंदावायचा. चार बरण्यांच्या चार दोऱ्या दोन हातांत धरून ते विंगेत उभे राहायचे, पायाखाली रबराची चटई. पहाट आणायची असली की एक दोरी इतकी सावकाश सोडायचे की ती कधी झाली हे कुणालाच कळायचं नाही. परातीत पाणी, पाण्यात आरशाचा तुकडा, एवढ्यावर त्यांनी पडद्यावर नदी वाहवली होती. एकदा थेरगावच्या गणेशोत्सवात त्यांचा चंद्र ऐन गाण्यात धुरकटला, आतली वायर तापली होती. प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, "ओ भाऊ, चंद्राला ताप आलाय!" हे विंगेतूनच गरजले, "मग टाळ्या नका वाजवू, झोपू द्या त्याला!" त्या दिवशी नाटकापेक्षा ते जास्त गाजले.

मग आमच्या पेंट शॉपला आग लागली आणि नामदेव गेला. नामदेव आमच्याच नाटकात छोटी कामं करायचा. त्या पाळीला बबनभाऊ ड्युटीवर होते. आग लागली की मेन स्विच बंद करायचा, हा नियम. त्यांनी तो बंद केला. न करते तर अख्खी शेड गेली असती, माणसांसकट. बाकीचे बाहेर आले. नामदेव आतल्या बाजूला होता. त्याच्याजवळच्या दारापुढे रंगाचे डबे रचून ठेवले होते आणि दुसऱ्या दारापर्यंत तो पोचला नाही. ते डबे कुणी रचायला लावले, किती वेळा तक्रारी झाल्या, हे सगळं मी पत्रकात लिहिलं होतं. दोषी कोण, हे मी स्वतः छापून गेटवर वाटलं होतं.

त्याच वर्षी मी नामदेववर नाटक लिहिलं. शेवटी रंगमंचावर आग पाहिजे, असा माझा हट्ट. बबनभाऊंनी ती करून दिली. खाली पंखा, त्यावर रेशमी कापडाच्या पट्ट्या, पट्ट्यांवर लाल-पिवळ्या जिलेटिन कागदांमधून उजेड. रविवारी दुपारी, खिडक्यांना पोती लावून तालीम केली. ज्वाळा उसळल्या आणि बघायला आलेल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या, टाळ्या वाजवल्या. मी खूश. बबनभाऊंनी पंखा बंद केला आणि माझ्याजवळ येऊन बसले.

"लेखकराव, आगीला टाळ्या पडल्या."

"पडणारच. झालीयच तशी झकास."

"नामदेव मरतोय त्यात."

"लोक पेटले पाहिजेत, भाऊ. त्यासाठी आग दिसली पाहिजे."

ते उठून पट्ट्यांच्या घड्या घालत बसले.

प्रयोगाच्या दिवशी पहिल्या रांगेत नामदेवची बायको बसली होती. शेवटचा प्रवेश आला. पट्ट्या हलल्या, जरा उजेड झाला, लोक सरसावून बसले... आणि बबनभाऊंनी चारही दोऱ्या एकदम वर ओढल्या. काळोख. नामदेवचं काम करणाऱ्या नटाला हे ठाऊक नव्हतं. तो खरोखरच चाचपडायला लागला. खुर्चीवर आपटल्याचा आवाज आला. मग त्याचे हात फळकुटावरून सरकल्याचा. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. बऱ्याच वेळाने पडदा पडला. टाळी एकही नाही.

मी विंगेत धावलो. सगळे नट तिथेच होते. "आग कुठं गेली?" मी ओरडलो. "माझ्या नाटकाचं वाटोळं केलंत तुम्ही!"

ते शांतपणे म्हणाले, "तिथं उजेड न्हवता, राव. धूर व्हता अन् काळोख. त्याला दार दिसलं न्हाई."

आणि मी म्हणालो, "दिसेल कसं? मेन तुम्हीच बंद केलात ना?"

हे वाक्य मी सगळ्यांदेखत बोललो. त्याच्या आधी किंवा नंतर इतकं खोटं मी कधी बोललो नाही. बबनभाऊंनी दोऱ्या सोडवल्या, बरण्यांतलं पाणी बाहेर नेऊन ओतलं आणि सायकलवर बसून घरी गेले.

ते पुन्हा आले नसते तर बरं झालं असतं. ते आले. पुढच्या नाटकाला, त्याच्या पुढच्यालाही. वेळेवर. मला विचारायचे, "कसं पाहिजे?" आणि मी सांगेन तसं द्यायचे. लाल म्हटलं की लाल. माझ्या शेवटच्या प्रवेशांना टाळ्या पडत गेल्या. मला "असं नको, राव" म्हणणारा एकच माणूस होता, तो गप्प झाला होता. माफी मागायची, हे मी सहा वर्षं रोज ठरवलं. एका दिवाळीत त्यांच्या निगडीच्या घरापाशी जाऊन परत फिरलो. अन्यायाविरुद्ध बोलताना माझा आवाज कधी बसला नाही. मग त्या दारात काय झालं, ते मला अजून सांगता येत नाही.

परवा त्या घरी गेलो. दोन खोल्या. वहिनींनी चहा ठेवला. मी खाली चटईवर बसलो म्हणूनच मला ती दिसली. भिंतीवर, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर, पांढऱ्या रंगाची बोटभर रुंद पट्टी. पलंगामागून निघालेली, कोपरा वळून थेट दारापर्यंत गेलेली. आतल्या खोलीतही तशीच.

"ही कसली, वहिनी?"

"त्यांनीच मारली," त्या म्हणाल्या. "म्हनायचे, धुरात मानूस उभा नसतो, रांगतो. त्याला दार घावलं पाहिजे." मग त्यांनी कप माझ्यापुढे सरकवला. "नामदेवच्या नाटकावरनं आले त्या दिवशीची गोष्ट. जेवले न्हाईत. डबा-ब्रश घेऊन बसले ते सकाळपत्तुर. तवा काय झालं व्हतं हो तिथं? मी लई डाव इचारलं, कदी बोलले न्हाईत."

मी सांगितलं. वाक्य बदललं नाही, मऊ केलं नाही. जसं बोललो होतो तसंच सांगितलं.

वहिनींनी शिव्या दिल्या असत्या तर मी घेतल्या असत्या. त्या उठल्या, माझ्यापुढचा कप उचलून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आतून भांड्याचा आवाजही येत नव्हता.

मी पट्टीकडे बघत बसलो. कंपनीत बबनभाऊंनी टाकलेली वायर ओळंब्यात असायची. नवी पोरं ती बघून शिकायची. ही पट्टी सरळ नव्हती. पलंगापासून दारापर्यंत ती सगळीकडे थरथरली होती.