मिलिट्रीच्या जीपवरचा रफार

माझा मेव्हणा खोटं बोलतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर देवघरातली शांती असते. त्याच चेहऱ्याने त्याने मला जुनी जीप विकली. "दाजी, मिलिट्रीची हाय. बॉर्डरवर फिरलेली."

मी शाळेत मराठी शिकवतो. बातमी वर्गावर्गांत पोचवली, दारावरचा खड्डा गोळीची खूण म्हणून दाखवला आणि गावातल्या निवृत्त सुभेदारांना याच जीपमधून झेंडावंदनाला आणायचं कबूलही करून बसलो.

त्याआधी जुना रंग काढून नवा द्यायला म्हणून ती परभणीच्या गॅरेजात नेली. मिस्त्रीने बॉनेटवरचा हिरवा रंग घासला. खालून लाल निघाला आणि लालावर पिवळी अक्षरं: 'आर्शीवाद'.

"सर, मिलिट्रीत असं लिवतेत का?"

माझं डोकं फिरलं. 'वा'वरचा रफार 'शी'वर चढवलेला हा शब्द मी ओळखत होतो. ही माझ्या वरातीची जीप, सासऱ्यांची. बाशिंग बांधलेलं असतानाच मी त्यांना ही चूक दाखवली होती. ते हयात असेतो माझ्याशी "या, बसा"च्या पुढे बोलले नाहीत. एका रफारापायी!

तिथूनच मेव्हण्याला फोन लावला आणि मराठीच्या शिक्षकाने वापरू नयेत ते सगळे शब्द वापरले.

"आमची म्हणलं असतं तर घेतली असती का, दाजी? अन् खोटं काय बोललो? आमचा बाप काय कमी मिलिट्री होता?"

"आणि बॉर्डर?"

"पाथरीच्या पुढं बीडची हद्द लागती की."

घरी येऊन बायकोवर ओरडलो. ती भाकरी थापत होती.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," ती म्हणाली. "ती तुमची गोळीची खूण हाय ना, लहानपणी मी वरवंटा आपटला होता तिथं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी लय खुशीत सांगायलेलात सगळ्यांना." मग तवा उतरवून म्हणाली, "अन् ते अक्षर बाबांनी सोता ब्रश धरून लिवलंय. त्याच्यावर रंग मारू नका."

"निदान रफार तरी सरकवू दे."

"न्हाई."

झेंडावंदनाला मी तशीच जीप चालवत गेलो. दुतर्फा उभी असलेली माझीच पोरं बॉनेट मोठ्याने वाचत होती, चुकलेल्या रफारासकट. मेव्हणा मागे बसून शांतपणे हात हलवत होता. शेजारी बसलेल्या सुभेदारांनी जुन्या मैत्रिणीला थोपटावं तसं जीपला थोपटलं आणि विचारलं, "सर, कुठल्या बॉर्डरला होती ही?"

मी दात आवळून म्हणालो, "बीडच्या."