इंजिन गरम होईपर्यंत

मी अमरावती सोडली त्या दिवशी बाबांनी माझ्याकडे कमी आणि गाडीकडे जास्त बघितलं. जानेवारीतली पहाट होती. अंगणात माझी सुटकेस, चिवड्याचे डबे, गादीची वळकटी आणि शालीत गुरफटलेली आई. शेजारची दोन-चार माणसं जयभीम करायला फाटकाशी आलेली. आणि बाबा आमच्या जुन्या पांढऱ्या गाडीत बसून चोक ओढत होते. चोक म्हणजे डॅशबोर्डखालची एक खुंटी. थंडीत ती बाहेर ओढली की इंजिनला पेट्रोल जास्त मिळतं आणि ते चालू होतं. मग ते तापत जाईल तशी खुंटी हळूहळू आत ढकलायची. बाबांचं ते ढकलणं काही संपेना.

"बाबा, ट्रेन सुटेल," मी म्हटलं.

"घाई नोको करू. इंजिन थंडं आहे. तेल चढू दे."

मग उतरले, पोराचा ताप बघावा तसा बोनेटवर तळहात ठेवला, मान हलवली आणि परत आत जाऊन बसले. बडनेरा स्टेशनात आम्ही अक्षरशः पळत शिरलो.

जा म्हणाले नाहीत, राहा म्हणाले नाहीत. पोरगी एकटी पुण्याला चालली होती, हिंजवडीच्या कुठल्याशा कंपनीत, आणि तिथे नक्की काय करणार हे तिला स्वतःलाही धड सांगता येत नव्हतं. आई रडली, ते मला समजलं. बाबांनी फक्त "पाणी घेतलं ना?" एवढं विचारलं. खिडकीशी बसल्यावर मला एकच प्रश्न टोचत होता. या माणसाला माझं जाणं हवं होतं की नको होतं, का त्याचं काहीच वाटलं नव्हतं?

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे तिकडून इकडे आले, त्यांना पुढचं सांगायला नको. कंपनीची बस, तिघींची खोली, कॅन्टीनमधली गोड आमटी. पहिल्याच आठवड्यात मी "काम करून राहिली" म्हटलं आणि टीममधले खदखदून हसले. मग मी "कायले" गिळलं, "मले" गिळलं आणि त्या जागी "अ‍ॅक्च्युअली" आणि "रिलीज" आले. घरी फोन लावला की मात्र तिसऱ्या वाक्याला सगळं पोटातून वर यायचं. जे तिकडेच राहिलात, तुम्हाला वाटतं आम्ही बदललो. बदललो, खोटं कशाला बोलू. पण फोन ठेवल्यावर, फोनवर नाही.

सुट्टी संपवून निघाले की दरवेळी बाबांचं तेच. एकदा तर मे महिन्यात. आमच्याकडे मे म्हणजे स्टिअरिंगसुद्धा फडक्याने धरावं लागतं, आणि हे गाडी चालू करून आपले बसलेले.

"बाबा, आता कशाला तापवता?"

"इंजिनले काय माहीत उन्हाळा आहे म्हणून?"

मी बडनेऱ्यापर्यंत हसत होते. पण प्रश्न काही जाईना. मला तशी खोडच आहे, कोणतीही गोष्ट का करतात ते कळल्याशिवाय घास उतरत नाही.

पुढे बाबांना मोतीबिंदू झाला. ऑपरेशन नीट झालं, तरी गाडी चालवायचा भरवसा उरला नाही. "तू ने. उभी राहून सडन," म्हणाले, आणि ती पांढरी गाडी कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत आली. ऑफिसला कंपनीची बसच होती, पण गाडी सडू नये म्हणून डिसेंबरात मी रोज सकाळी एक चक्कर मारायचे, आणि त्याआधी ती अगदी बाबांसारखी साग्रसंगीत तापवायचे. तळमजल्यावरच्या काकांनी काही दिवस सहन केलं. मग एके सकाळी मफलरसकट खिडकीत आले.

"अहो, आपली गाडी चालवायची असते की नुसती ऐकायची?"

एव्हाना मीही थोडी पुणेकर झाले होते. म्हटलं, "आज ऐकायचीच आहे. आपणही बसा." खिडकी बंद झाली.

तरी मनात आलं, काकांचंही काय चुकलं? कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी एकजण बसायचा, तो मोटारींच्याच सॉफ्टवेअरवर काम करायचा. त्याला विचारलं. तो म्हणाला, अशा जुन्या गाडीला पुण्याच्या थंडीत मिनिट-दोन मिनिटं पुष्कळ झाली. मग हळू चालवायची, रस्त्यातच तापते. जास्त वेळ उभी ठेवली तर नुसतं पेट्रोल जळतं आणि प्लग काळे होतात.

"आणि उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात कोण तापवतं?"

मला तर आनंदच झाला. बाबांना चुकीत पकडायची संधी आयुष्यात किती वेळा मिळते? बसमधूनच फोन लावला. आईने उचलला, तर तिलाच सगळं शास्त्र ऐकवलं.

आई म्हणाली, "मले काय सांगतं? बाजारात जायचं असलं तर ते चावी फिरवली का निघत. ऑफिसलेही तसेच. तू निघाली का मगच त्यायच्या इंजिनले थंडी वाजे."

बस हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकली होती. इतकी वर्षं मी समजत होते की माझ्या जाण्याचं बाबांना काही वाटलंच नाही. मला रडू आलं आणि फार बरंही वाटलं. शेजारच्याने विचारलं, "ऑल ओके?" म्हटलं, ओके.

बाबांना मी यातलं काही बोलले नाही. बोलले असते तर त्यांनी तेल, पिस्टन असलं काहीतरी काढलं असतं.

गेल्या हिवाळ्यात दोघं राहायला आले. आई रमली. बाबांना करमेना. इथे फाटकाशी कोणी येत नाही, हे त्यांचं दुःख. शेवटी परतीची तिकिटं काढली. मला लोक विचारतात, तुमचं घर कुठलं, आणि मी अजून अडखळते. अमरावती म्हणावं तर तिथे आता मी पाहुणी, कर्वेनगर म्हणावं तर जीभ वळत नाही. पण ते दोघं निघाले त्या सकाळी पार्किंगमध्ये वाटलं, जिथून आपण निघताना कोणीतरी मुद्दाम उशीर करतं, ते घर.

सामान डिकीत गेलं. आई मागे बसली, बाबा माझ्या शेजारी. मी चोक ओढला, गाडी चालू केली. आवाज स्थिर झाला, तशी खुंटी पूर्ण आत ढकलली आणि तशीच बसून राहिले. काकांची खिडकी उघडली. त्यांनी आम्हाला बघितलं, आईला नमस्कार केला आणि खिडकी लावून घेतली.

"चाल आता," बाबा म्हणाले.

"इंजिन थंड आहे."

ते उतरले. बोनेटवर तळहात ठेवला, परत येऊन बसले.

"झाली वं गरम. केव्हाचीच झाली."

"राहू द्या ना थोडी, बाबा."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. किती वेळ बघत होते कोण जाणे. मग हात पुढे करून त्यांनी चोकची खुंटी पुन्हा थोडी बाहेर ओढली.