तिसरी पिन

पुष्पावतीला लाईटनं घेतलं, असं तिसगावात सगळे म्हणतात. लाईटनं! जणू लाईट आपणहून तारेवरून उतरून त्या बाईला शोधत आली. कानिफनाथला मात्र हे खोटं असल्याचं ठाऊक होतं, आणि दहा दिवस झाले तरी तसं सांगायला त्याची जीभ रेटत नव्हती.

कानिफनाथ पन्नाशीचा. वीस वर्षं बँडमध्ये कीबोर्ड वाजवून त्यानं बाजारात आठ बाय सहाचं एक दुकान धरलं. रिक्षावरून फिरणाऱ्या जाहिराती, वाढदिवसाची गाणी, देवीची भजनं, सगळं तिथं रेकॉर्ड व्हायचं. आत चार फुटांचं एकच टेबल. त्यावर कॉम्प्युटर, मिक्सर, कीबोर्ड, दोन स्पीकर, आणि खाली कोंबलेला जुना अ‍ॅम्प्लिफायर. "एवढ्याशा जागेत एवढं बसवलं तरी कसं?" असं कुणी विचारलं की गडी फुगायचा. पंगतीत पाहुण्याला सरकून जागा करून द्यावी, तशी त्यानं एकेका यंत्राला जागा करून दिली होती.

आडवा आला तो अ‍ॅम्प्लिफायरचा तीन पिनांचा प्लग. मागच्या बोर्डाला भोकं दोनच. मध्ये जोड लावला तर टेबल चार बोटं पुढं यायचं, मग गाणाऱ्याला उभं राहायला जागा उरेना. कानिफनाथनं अर्थिंगची तिसरी पिन कापून टाकली आणि टेबल भिंतीला टेकवलं. निम्म्या बाजारात हेच करतात. हा काही बचाव नव्हे, पण खरं आहे.

तिकडं अ‍ॅम्प्लिफायरला वारा लागायला जागा नव्हती. तापून तापून आतली वायर सोलवटली आणि पत्र्याच्या पेटीला टेकली. मिक्सरला हात लावला की झिणझिण्या यायच्या. "थोडा करंट मारतंय, चालायचंच," म्हणून तो हसायचा. तो बसायचा प्लास्टिकच्या खुर्चीवर, पाय लाकडी फळीवर ठेवून. त्याला काय धाड भरणार होती?

गाणाऱ्यांना मात्र त्याची एक सक्त ताकीद असे. वाद्यापुढं चप्पल घालून उभं राहायचं नाही. सरस्वती आहे ती.

पुष्पावती त्याची धाकटी बहीण, शेवगावकडं दिलेली. अर्धं वर्ष नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची आणि उसाच्या फडात गायची. कुणी शिकवलेलं नव्हतं, पण असा आवाज मी दुसरा ऐकला नाही. यंदा नवरात्राआधी भावानं तिला देवीची दोन गाणी रेकॉर्ड करायला बोलावून घेतलं. नणंद येणार म्हणून लंकाबाईनं, कानिफनाथच्या बायकोनं, दुकानाची फरशी दोनदा पुसली. ती अजून ओलीच होती, तेवढ्यात पुष्पावती माइकपुढं येऊन उभी राहिली.

"पुष्पे, चप्पल काढ आदी."

"आगं बया, इसरलेच की!" तिनं जीभ चावली. चपला बाहेर काढून आली. नमस्कार करायला माइकला हात लावला, आणि तो हात सुटलाच नाही.

कानिफनाथनं बटण बंद करायला टेबलामागं हात घातला. बोर्ड सगळ्यांच्या मागं, भिंतीला चिकटलेला. हात पोचेना. सामानासकट टेबल हलेना. शेवटी लंकाबाईनं धावत जाऊन बाहेरचं मेन पाडलं, तोवर सगळं संपलं होतं.

दहाव्याला पुष्पावतीचा नवरा रामहरी त्याच्याजवळ येऊन बसला. स्वतःचं दुःख गिळून मेव्हण्याच्या खांद्यावर हात ठेवला. "दादा, जिवाला खाऊ नका. लाईटीपुढं कुनाचं चालतंय? तुमच्या हातात काय हुतं?"

त्या हाताचं ओझं कानिफनाथला सोसेना.

"माज्याच हातात हुतं, दाजी," तो म्हणाला. मग पिन, वायर, ओली फरशी, चपला, सगळं सांगितलं. माफी मागितली नाही. कुठल्या तोंडानं मागणार?

पलीकडं बायकांत बसलेली संस्कृती, पुष्पावतीची एकुलती एक पोर, मामाकडं बघत होती. रामहरीनं खांद्यावरचा हात काढून घेतला.

"हे पोरीला कदी सांगू नका," तो म्हणाला. "मी तोडीला गेलो की तिला तुमच्याच घरी ऱ्हायचंय."