भावाची सही

नव्या चुन्याचा वास आला की डहाणूतली ती रिकामी खोली आठवते. पोलिओमुळे कुबड्यांवर चालणारी गंजाड गावची एक शिवणकाम करणारी बाई एकटीने राहायचं ठरवून ती खोली बघायला आली होती. अपंगांसाठी काम करणाऱ्या आमच्या संस्थेतर्फे मी सोबत होते. गुजराती घरमालक तिच्याकडे न बघता मला म्हणाले, “बेन, हिच्या भावाची सही आणा. पडलीबिडली तर जबाबदारी कोणाची?” बाई चाळिशीची होती. तिने शांतपणे विचारलं, “बाजूच्या भाडेकरूच्या भावाची सही घेतलीत?” मालक पुन्हा माझ्याकडेच वळले. माझं डोकं तापलं होतं, तरी खोली हातची जाऊ नये म्हणून मी म्हणाले, “मी करते सही.” तिने माझ्याकडे एकदाच बघितलं, कुबड्या उचलल्या आणि बाहेर पडली. पुढे तिला दुसरी खोली मिळाली, तिच्याच सहीवर. त्या मालकाचा राग मला अजून येतो. स्वतःचा त्याहून जास्त येतो.